मतदानाआधीचा निकाल

विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी आणि पापडखिंडीच्या जलाशयालगत फुलपाडा वसला आहे. पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार, रिक्षाचालक, कारखान्यातील कामगार, घरकामाला जाणारी स्त्री अशी येथील वस्ती. या वस्तीचे महानगरपालिकेशी असलेले नाते मोठ्या राजकारणाचे नाही; ते नळाचे, गटाराचे, रस्त्याचे आणि दिव्याचे आहे. वसई-विरार महानगरपालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर साडेपाच वर्षे तेथे प्रशासकाचा अंमल राहिला. आधी करोनाची साथ, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, मग प्रभागरचनेचा घोळ, अशी कारणे एकामागून एक उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी राज्य शासनाला निवडणुका घेण्याविषयी बजावले, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची मुदत ठरवून दिली, तेव्हा कोठे १५ जानेवारी २०२६ रोजी मतदानाचा योग आला.

एवढ्या प्रतीक्षेनंतर मतदान केंद्राबाहेर रांगेत उभ्या राहिलेल्या नागरिकाची अशी समजूत असणे स्वाभाविक आहे की, निवड करावयाची ती आपण, आणि ती आज. प्रत्यक्षात निवडीचा पहिला आणि काही वेळा निर्णायक टप्पा त्याच्या नकळत आधीच उरकलेला असतो. महानगरपालिका निवडणुकीत तो टप्पा ३१ डिसेंबर २०२५ रोजी पार पडला. त्या दिवशी उमेदवारी अर्जांची छाननी झाली. कोणाचे नाव मतदान यंत्रावर राहावयाचे आणि कोणाचे नाही, हे त्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरले. मतमोजणीच्या वेळी देशाचे लक्ष असते. छाननीच्या वेळी दोन-चार वकील, उमेदवारांचे हस्तक आणि कंटाळलेले वार्ताहर यांखेरीज तेथे कोणी नसते. परंतु मतदाराचा हक्क जितका मतमोजणीच्या टेबलावर राखला अथवा गमावला जातो, तितकाच तो छाननीच्या टेबलावरही राखला अथवा गमावला जातो. लोकशाहीच्या या दुर्लक्षित दालनाकडे थोडे निरखून पाहण्याची वेळ आली आहे.

कायद्याचा हेतू

कायद्याने या टप्प्याचे महत्त्व ओळखलेले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका ज्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार होतात, तो १९५१ सालचा कायदा या बाबतीत पुष्कळच उदार आहे. नावातील किरकोळ फरक, लेखनिकाची चूक किंवा मतदारयादीतील क्रमांकाचा घोटाळा यांकडे दुर्लक्ष करावे, असे त्याचे ३३ वे कलम सांगते. जो दोष महत्त्वाच्या स्वरूपाचा नाही, त्याच्या आधारावर कोणाचाही अर्ज फेटाळता कामा नये, असे ३६ वे कलम बजावते. हरकत घेतली गेली तर उमेदवाराला ती खोडून काढण्यासाठी छाननीनंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंतची सवड देण्याची मुभा त्यात आहे. अर्ज फेटाळावयाचा झाल्यास त्याची कारणे थोडक्यात का होईना, पण लेखी नमूद केली पाहिजेत, अशीही सक्ती आहे. म्हणजे, अर्ज शक्यतो स्वीकारावा आणि नाकारावयाचा तो नाइलाज म्हणून, अशी कायद्याची दृष्टी आहे.

या दृष्टीचा सर्वांत मोठा पुरावा त्याच कायद्याच्या १०० व्या कलमात सापडतो. एखाद्या अपात्र माणसाचा अर्ज चुकीने स्वीकारला गेला, तर तेवढ्यामुळे निवडणूक रद्द होत नाही. त्या चुकीमुळे निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हे सिद्ध करावे लागते. याच्या उलट, एकाही उमेदवाराचा अर्ज अयोग्य रीतीने फेटाळला गेला, असे न्यायालयाला आढळले, तर निवडणूक तत्काळ रद्दबातल ठरते. तो उमेदवार निवडून आला असता की त्याची अनामत रक्कम जप्त झाली असती, याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. कारण उघड आहे. ज्याचे नावच मतपत्रिकेवर नव्हते, त्याला किती मते पडली असती हे कोणत्याही न्यायाधीशाला सांगता येणार नाही. मतदाराला एक पर्याय नाकारला गेला, हीच हानी पुरेशी आहे, असे कायदा मानतो. एका अर्जाच्या चुकीच्या फेटाळणीने संपूर्ण मतदारसंघाचा कौल पुसला जावा, इतके या चुकीला कायद्याने गंभीर मानले आहे.

मग प्रश्न असा उपस्थित होतो की, जी चूक इतकी गंभीर आहे, ती वेळेवर दुरुस्त करण्याची सोय कायद्याने का ठेवली नाही?

पोन्नुस्वामी खटल्याचा वारसा

या प्रश्नाचे उत्तर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत मागे जाते. तेव्हाच्या मद्रास राज्यातील सेलम जिल्ह्यात नामक्कल मतदारसंघातून एन. पी. पोन्नुस्वामी यांनी विधानसभेसाठी अर्ज भरला होता. तो नोव्हेंबर १९५१ मध्ये छाननीत फेटाळला गेला. त्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे दाद मागितली. तेथे ती मिळाली नाही, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ जानेवारी १९५२ रोजी न्या. फझल अली यांनी दिलेल्या निकालपत्राने या विषयाची दिशा कायमची ठरवून टाकली. राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदातील ‘निवडणूक’ या शब्दात अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सर्व प्रक्रिया येते. सबब मधल्या कोणत्याही टप्प्यावर न्यायालयांनी हात घालू नये. ज्याला तक्रार करावयाची असेल त्याने निकाल लागल्यावर निवडणूक याचिका करावी, असा त्या निर्णयाचा आशय आहे. उमेदवारी करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तेव्हा त्याची मर्यादाही कायदाच घालू शकतो, हा त्यामागील युक्तिवाद होता.

त्या काळाचा विचार केला, तर हा निर्णय दूरदर्शी होता हे मान्य करावयास हवे. देशात प्रथमच प्रौढ मतदान होत होते. प्रत्येक मतदारसंघातील प्रत्येक असंतुष्ट उमेदवाराला उच्च न्यायालयातून स्थगिती मिळू लागली असती, तर पहिली लोकसभा केव्हा अस्तित्वात आली असती हे सांगणे कठीण आहे. विधिमंडळे वेळेवर स्थापन होणे ही लोकशाहीची पहिली गरज, हे न्यायालयाचे सूत्र चुकीचे नव्हते. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने २४३ झेडजी हा अनुच्छेद आणला आणि हेच सूत्र नगरपालिका व महानगरपालिका यांनाही लागू केले.

परंतु सूत्र बरोबर असले, तरी त्याची किंमत कोणाला मोजावी लागते हेही पाहिले पाहिजे. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रयत्न करावा म्हणतो, काढलीच पाहिजे असे म्हणत नाही. आणि या दोन शब्दप्रयोगांमधील अंतरात पाच-पाच वर्षांच्या मुदती संपून गेल्याची उदाहरणे आहेत. निवडून आलेला सदस्य आपली कारकीर्द पूर्ण करतो आणि त्यानंतर, तो निवडून यावयास नको होता, हे जाहीर होते. असा न्याय ग्रंथालयात शोभतो. मतदाराच्या तो कामाचा नाही.

रामटेक आणि सुरत

महाराष्ट्राने हे २०२४ साली आपल्या डोळ्यांनी पाहिले. लोकसभेच्या रामटेक मतदारसंघातून, जो अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, काँग्रेसने नागपूर जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष रश्मी बर्वे यांना उमेदवारी दिली होती. २८ मार्च २०२४ रोजी जात पडताळणी समितीने त्यांचे जात वैधता प्रमाणपत्र रद्द केले आणि त्याच दिवशी छाननीत त्यांचा अर्ज फेटाळला गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीच्या निर्णयाला स्थगिती दिली, पण निवडणूक प्रक्रियेत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. पोन्नुस्वामी खटल्याची सावली बहात्तर वर्षांनंतरही तितकीच गडद होती. मतदान १९ एप्रिलला झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी, २४ सप्टेंबर २०२४ रोजी, त्याच खंडपीठाने समितीचा तो आदेश रद्द ठरविला. ज्या कारणासाठी अर्ज फेटाळला गेला ते कारणच टिकले नाही. पण तोपर्यंत लोकसभेचे अधिवेशनही होऊन गेले होते. पर्यायी उमेदवार म्हणून उभे राहिलेले त्यांचे पती श्यामकुमार बर्वे निवडून आले, म्हणून या प्रकरणाची धार बोथट झाली, इतकेच. प्रत्येक उमेदवाराच्या घरात दुसरा अर्ज तयार असतो असे नाही, आणि मतदाराच्या हक्काचे रक्षण अशा योगायोगावर सोपवणे हे कोणत्याही व्यवस्थेला भूषणावह नाही.

अपात्रतेचा आक्षेप घेण्यासाठी निदान एखादे प्रमाणपत्र तरी लागते. सह्यांच्या आक्षेपाला तेही लागत नाही. रामटेकमध्ये मतदान होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच गुजरातेत सुरत येथे जे घडले, ते याहून विलक्षण होते. तेथे काँग्रेसचे उमेदवार निलेश कुंभाणी यांच्या अर्जावर ज्या सूचकांच्या सह्या होत्या, त्यांनीच प्रतिज्ञापत्रे सादर करून या सह्या आपल्या नाहीत असे सांगितले. हे सूचक परके नव्हते, उमेदवाराच्या निकटवर्तीयांपैकीच होते. २१ एप्रिल २०२४ रोजी अर्ज फेटाळला गेला. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराचा अर्जही त्याच कारणाने बाद झाला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या उमेदवारांनी माघार घेतली आणि भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. ७ मे रोजी होणाऱ्या मतदानाची गरजच उरली नाही. पुढे काँग्रेसने कुंभाणी यांना सहा वर्षांसाठी निलंबित केले. त्या प्रकरणात कोणाचा किती हात होता, हा वादाचा विषय आहे. निर्विवाद आहे ते एवढेच की, एका मोठ्या औद्योगिक शहरातील लाखो मतदारांना लोकसभेसाठी मत देण्याची संधी मिळाली नाही आणि त्याला कारण काही कागदांवरच्या मूठभर सह्या ठरल्या.

सह्यांचा प्रश्न नवा नाही. १९५४ साली रतन अनमोल सिंग विरुद्ध आत्माराम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. अर्जावरचे सूचक व अनुमोदक निरक्षर होते. त्यांनी अंगठे उमटवले होते, परंतु ते अंगठे नियमाप्रमाणे साक्षांकित झालेले नव्हते. न्यायालयाने ठरविले की, साक्षांकन ही केवळ औपचारिक बाब नव्हे. त्याअभावी अर्ज फेटाळला गेला तो योग्यच. कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. कोणीही कोणाच्याही नावे अंगठा उमटवावा आणि तो ग्राह्य धरावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सही करणारा असो वा अंगठा उमटवणारा, सूचक खरा आहे की नाही हे अर्ज स्वीकारतानाच, त्याला समोर उभे करून तपासता आले असते. ते त्या वेळी तपासले गेले नाही आणि दोष दुरुस्त करण्याची वेळ टळून गेल्यावर त्याचा शोध लागला. गेल्या सत्तर वर्षांत प्रश्नाचे स्वरूप बदललेले नाही.

नगरपरिषद ते महानगरपालिका

लोकसभेच्या निवडणुकीत निदान देशाचे लक्ष असते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत छाननीचे क्षेत्र अधिक विस्तृत आणि प्रकाश मात्र अधिक मंद असतो. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यांमुळे ज्यांची अपत्यसंख्या दोनहून अधिक झाली, ते अपात्र. करांची थकबाकी असेल, तर हरकत. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल, तर हरकत. अनधिकृत बांधकामाचा ठपका असेल, तर हरकत. राखीव जागा असेल, तर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न. पक्षाचा उमेदवार असेल, तर एबी फॉर्म वेळेत आणि योग्य सहीनिशी पोहोचला की नाही हा प्रश्न. यांतील प्रत्येक नियमामागे काही ना काही सार्वजनिक हेतू आहे. परंतु प्रभागातील मते जेथे शे-दोनशेच्या फरकाने इकडची तिकडे होतात, तेथे प्रतिस्पर्ध्याचा अर्ज बाद करणे हे घरोघर फिरून मते मागण्यापेक्षा सोपे आणि स्वस्त ठरते. मग छाननीच्या दिवशी पाणीपट्टीच्या पावत्या, मुलांचे जन्मदाखले आणि जुन्या नोटिसा यांची शस्त्रे परजली जातात. ज्याच्यापाशी वकील आहे त्याचा निभाव लागतो. ज्याच्यापाशी नाही, तो आपला अर्ज का बाद झाला हे समजून घेईपर्यंत माघारीची मुदत संपलेली असते.

येथे फुलपाड्यासारख्या वस्तीच्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. २००९ पूर्वी विरारला नगरपरिषद होती. ३ जुलै २००९ रोजी विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपरिषदा व भोवतालची गावे एकत्र करून महानगरपालिका झाली. नगरपरिषदांच्या निवडणुकांचे नियम १९६६ सालचे आहेत आणि त्यांत छाननीतील निर्णयाविरुद्ध मतदानापूर्वीच जिल्हा न्यायालयात अपील करण्याची सोय करण्यात आली होती. महानगरपालिका निवडणुकीत तशी सोय नाही. तेथे उमेदवाराने निकाल लागेपर्यंत थांबावे आणि मग महानगरपालिका अधिनियमाच्या १६ व्या कलमाखाली दहा दिवसांच्या आत अर्ज करावा, एवढीच वाट आहे. म्हणजे डोंगर तोच, तलाव तोच, माणसेही तीच. गावाचे शहर झाले आणि शहराचे महानगर झाले, तेव्हा वेळेवर दाद मागण्याचा हक्क मात्र वाटेत कोठे तरी गळून पडला. प्रगतीच्या खात्यावर ही वजाबाकी सहसा कोणी मांडत नाही.

अर्थात नगरपरिषदांमध्ये सारे आलबेल होते, असेही नाही. अपिलाचा हक्क आहे पण त्याला वेळ नाही, अशा स्थितीत काय होते, हे २०२५ च्या अखेरीस राज्याने अनुभवले. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायती यांच्या निवडणुकांचा कार्यक्रम नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. १७ नोव्हेंबरपर्यंत अर्ज, १८ नोव्हेंबरला छाननी, जेथे अपील नाही तेथे २१ नोव्हेंबरपर्यंत माघार, जेथे अपील आहे तेथे २५ पर्यंत, २६ नोव्हेंबरला चिन्हवाटप आणि २ डिसेंबरला मतदान, असे ते वेळापत्रक होते. पालघर जिल्ह्यातील पालघर, डहाणू, जव्हार आणि वाडा यांचाही त्यात समावेश होता. कागदावर हे सारे सुबक दिसत होते. पण अनेक ठिकाणी जिल्हा न्यायालयांचे निकाल अपेक्षेपेक्षा उशिरा आले आणि निकालानंतर माघारीसाठी नियमाने जी सवड द्यावयास हवी, ती देता आली नाही. मतदान तोंडावर आले असता, राज्य निवडणूक आयोगाने अंबरनाथ, बारामती, फलटण यांसारख्या ठिकाणच्या निवडणुका आणि अन्यत्र काही प्रभागांतील निवडणुका पुढे ढकलून २० डिसेंबरला घेण्याचे ठरविले. प्रचार संपत आला होता, पैसा खर्ची पडला होता. २ डिसेंबर रोजी, ठिकठिकाणी मतदान चालू असतानाच, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व ठिकाणची मतमोजणी एकत्र २१ डिसेंबर रोजी करण्याचा आदेश दिला. ज्यांचे मतदान झाले होते, त्यांची यंत्रे जवळजवळ तीन आठवडे कुलुपात राहिली.

या गोंधळातून कोणता धडा घ्यावा, याविषयी दोन मते संभवतात. अपिलांमुळेच कार्यक्रम विस्कटतो, तेव्हा अपिलाची तरतूदच काढून टाकावी आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा मानावा, हे एक मत. प्रशासनाला ते साहजिकच सोयीचे वाटते. परंतु ताप उतरत नाही म्हणून तापमापक फोडण्यासारखेच हे झाले. निवडणूक निर्णय अधिकारी हा बहुधा महसूल खात्यातील अधिकारी असतो. त्याच्यापुढे एका दिवसात शेकडो अर्ज येतात. त्याने करावयाची चौकशी संक्षिप्त असते. निवडणूक संपल्यावर त्याला पुन्हा शासनाच्या सेवेत आपल्या मूळ जागी जावयाचे असते. त्याच्या सचोटीविषयी शंका न घेताही असे म्हणता येते की, मालमत्तेच्या साध्या फेरफारावर ज्या राज्यात दोन-दोन अपिले चालतात, त्या राज्यात नागरिकाच्या प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर एकाही अपिलाची सोय नसावी, हे विचित्र आहे.

दिवसांचा प्रश्न

अमेरिकेतील अनुभव येथे उद्बोधक ठरावा. तेथे पक्षाचा उमेदवार पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत, पक्षाचे मतदार प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. आणि त्या प्राथमिक निवडणुकीत उभे राहण्यासाठी अनेक राज्यांत ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. साहजिकच प्रतिस्पर्ध्याच्या सह्यांना हरकत घेणे ही तेथे एक स्वतंत्र विद्या बनली आहे. बराक ओबामा यांनी १९९६ साली शिकागोतून इलिनॉय राज्याच्या सिनेटसाठी पहिली निवडणूक लढविली, तेव्हा त्यांच्या बाजूने विद्यमान सदस्य अ‍ॅलिस पामर आणि अन्य प्रतिस्पर्धी यांच्या सह्यांवर हरकती घेण्यात आल्या; सारे प्रतिस्पर्धी बाद झाले आणि प्राथमिक निवडणुकीत ओबामा एकटे उरले. २००० साली जॉन मॅकेन यांना न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्याच पक्षाच्या कडक नियमांविरुद्ध झगडावे लागले. त्यांचे नाव राज्यभर मतपत्रिकेवर ठेवण्याचा आदेश संघीय न्यायाधीशाने दिला. पुढे २००८ साली हेच दोघे अध्यक्षपदासाठी परस्परांसमोर उभे राहिले. एकाची राजकीय कारकीर्द हरकतींच्या बळावर सुरू झाली आणि दुसऱ्याला हरकतींवर मात करावी लागली, हा योगायोग मनोरंजक आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या देशातील नियम अधिक जाचक असले, तरी त्यांवरील वादाचा निकाल मतदानापूर्वी लागू शकतो. मॅकेन यांना न्याय मिळाला तो मतदानाच्या आधी, म्हणून त्याला न्याय म्हणावयाचे.

भारतात हे अशक्य आहे काय? अडचण तत्त्वाची नसून दिवसांची आहे. १९९६ पूर्वी माघारीचा अखेरचा दिवस आणि मतदान यांच्यात किमान वीस दिवसांचे अंतर ठेवावे लागे. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते चौदा दिवसांवर आणले गेले. खर्च आणि प्रचाराचा धुडगूस कमी व्हावा, हा हेतू चांगला होता. पण चूक दुरुस्त करण्यासाठी जी थोडी जागा होती, ती त्यामुळे आणखी आक्रसली. महानगरपालिकांच्या जानेवारी २०२६ मधील निवडणुकीत २ जानेवारीला माघार आणि १५ ला मतदान असे अवघे तेरा दिवस होते. जी निवडणूक साडेपाच वर्षे लांबू शकली, ती आणखी पाच-सहा दिवसांनी आभाळ कोसळण्याइतकी नाजूक नव्हती.

तेव्हा उपाय फार क्रांतिकारक नाहीत. पहिली गोष्ट, अर्जातील दोष शोधण्याचे काम छाननीच्या दिवसावर ढकलू नये. अर्ज स्वीकारतानाच सूचकाची ओळख पटवावी, कागदपत्रांची यादी ताडून पाहावी आणि उणिवा लेखी कळवाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने रिसर्जन्स इंडिया प्रकरणात सप्टेंबर २०१३ मध्ये प्रतिज्ञापत्रातील रिकाम्या रकान्यांविषयी हेच सांगितले आहे : आधी उमेदवाराला आठवण द्यावी, आणि तरीही रकाने भरले नाहीत तरच अर्ज फेटाळावा. एका रकान्यापुरते मान्य झालेले हे तत्त्व साऱ्या दुरुस्त होण्याजोग्या दोषांना लागू करण्यास हरकत असू नये. दुसरी गोष्ट, अर्ज फेटाळण्याची कारणे त्याच दिवशी जाहीर फलकावर लावावीत, म्हणजे निर्णय देणाऱ्यालाही आपण काय लिहीत आहोत याचे भान राहील. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, छाननीनंतर एकच अपील असावे, ते सर्व प्रकारच्या निवडणुकांत असावे, त्यासाठी जिल्ह्यातील एक न्यायाधीश त्या चार-पाच दिवसांपुरता मोकळा ठेवावा आणि त्याच्या निर्णयानंतरच माघार व चिन्हवाटप यांच्या तारखा सुरू व्हाव्यात. असे झाले, तर ना मतदान पुढे ढकलावे लागेल, ना यंत्रे कुलपात ठेवावी लागतील. पोन्नुस्वामी खटल्यातील निर्णयालाही यामुळे बाध येत नाही. निवडणुकीत बाहेरून हस्तक्षेप नको, एवढेच तो सांगतो. निवडणुकीच्या कायद्यातच आतून दुरुस्तीची वाट ठेवण्यास त्याची मनाई नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, वेळ दिला तर हरकतीही वाढतील, आणि धनवान उमेदवार गरीब प्रतिस्पर्ध्याला अपिलातही खेचतील. ही भीती निराधार नाही. परंतु आजची व्यवस्था गरिबाला वाचवते असे थोडेच आहे? आज त्याला एकाच दिवसात, एकाच टेबलावर, वकिलाविना हरावे लागते आणि त्यानंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या याचिकेचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. हरकत निव्वळ छळासाठी घेतली असे आढळल्यास ती घेणाऱ्याकडून खर्च वसूल करण्याचा अधिकार अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशाला देता येईल. निवडणूक याचिकेच्या लांबलचक वाटेपेक्षा ही वाट गरिबाला अधिक परवडणारी आहे.

छाननीच्या प्रश्नाला उमेदवाराच्या तक्रारीचे स्वरूप दिले जाते, म्हणून तो लहान वाटतो. तिकीट मिळालेला एखादा पुढारी एका कागदावाचून घरी बसला, तर त्याबद्दल हळहळण्याचे सामान्य नागरिकाला कारण नाही. पण कायद्याने जी गंभीर चूक मानली आहे, ती उमेदवारावरील अन्यायापुरती नाही. मतदाराच्या निवडीत परस्पर केलेली ती कपात आहे. सुरतेत ती संपूर्ण झाली, रामटेकमध्ये योगायोगाने टळली. इतरत्र ती थोडी थोडी होत असते आणि तिचा हिशेब कोणी ठेवत नाही.

साडेपाच वर्षांनी फुलपाड्यातील मतदार आपल्या प्रभागाचे प्रतिनिधी निवडण्यासाठी रांगेत उभा राहिला. पाणी, रस्ता आणि गटार यांविषयी जाब विचारण्यासाठी त्याला पुन्हा कोणी तरी हक्काचा माणूस मिळाला. पुढील निवडणुकीला अवकाश आहे. याचा अर्थ नियम सुधारण्यासाठीही अवकाश आहे. एरवी निवडणूक तोंडाशी आली की, आता वेळ नाही, असे सांगितले जाते आणि निवडणूक संपली की, आता गरज नाही, असे सांगितले जाते. या दोन सबबींच्या मध्ये जी थोडी वर्षे मिळतात, त्यांचा उपयोग करून घेण्याची बुद्धी राज्यकर्त्यांना आणि राज्य निवडणूक आयोगाला व्हावी. मतदाराने ज्याला नाकारावयाचे त्याला मतपेटीतून नाकारावे. त्याच्या वतीने तो निर्णय छाननीच्या टेबलावर, आणि तोही चुकीचा, होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. ती फार मोठी आहे, असे लोकशाही राज्यात तरी कोणाला म्हणता येऊ नये.